पाच वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प घरी बांधायचा तर

फेंडर या अमेरिकन कंपनीच्या ५एफ१ चॅम्प या गिटार अ‍ॅम्पचा चेसिस (धातूचा सांगाडा) उलटा करून टेबलावर ठेवला की आत तीन व्हॉल्व्हची, म्हणजे काचेच्या बंद नळ्यांची सॉकेटं, दोन ट्रान्सफॉर्मर, डझनभर रेझिस्टर आणि सहा-सात कपॅसिटर दिसतात. एकच नॉब, तोही व्हॉल्यूमचा. टोन कंट्रोल नाही. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी हा अ‍ॅम्प नवशिक्यांसाठीचं स्वस्त मॉडेल म्हणून बनत होता. आज जगभर घरी अ‍ॅम्प बांधणारे बरेच जण याच सर्किटपासून सुरुवात करतात. माझंही सांगणं तेच आहे: पहिला अ‍ॅम्प हाच बांधा. यातला प्रत्येक पार्ट काय करतो ते एका माणसाला पूर्ण समजू शकतं. ते समजलं की हजारो डॉलरच्या बुटीक अ‍ॅम्पमध्ये पैसे कशाचे मोजले जातात, तेही आपोआप कळतं.

बुटीक म्हणजे एकट्या कारागिराने किंवा छोट्या कारखान्यात हाताने बांधलेला, मोजक्या संख्येने निघणारा अ‍ॅम्प. कॅलिफोर्नियातले अलेक्झांडर हॉवर्ड डम्बल आणि न्यू जर्सीतले केन फिशर ही या क्षेत्रातली दोन मोठी नावं. फिशर २००६मध्ये गेले, डम्बल २०२२मध्ये. कुणी नक्कल करू नये म्हणून डम्बल सर्किटवर इपॉक्सी ओतून ते झाकून टाकत. फिशर आपल्या ट्रेनरेक अ‍ॅम्पना नंबराऐवजी बायकांची नावं देत. पण या सगळ्या घराण्याची मुळं शोधत गेलं की आपण चार-पाच जुन्या सर्किटांपाशी येऊन पोचतो. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं ड्रमचं दुकान होतं. तिथे १९६२-६३च्या सुमाराला तयार झालेला जेटीएम४५ हा अ‍ॅम्प फेंडरच्याच ५एफ६-ए बेसमन या अ‍ॅम्पवरून बेतलेला होता. आणि फेंडर कंपनीचे संस्थापक लिओ फेंडर स्वतः १९३८पासून रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारे. म्हणजे हे मुळात रेडिओवाल्यांचं ज्ञान आहे, आणि ते कुलूपबंद कधीच नव्हतं.

आता व्हॉल्व्ह काम कसं करतो ते पाहू. शेतात पाटाचं पाणी सोडलेलं असताना दारं धरणारा माणूस आठवा. फावडंभर माती ओढली की एका वाफ्याचं दार बंद होतं आणि पाणी दुसरीकडे वळतं. पाण्याला जोर धरणाचा असतो. माणसाच्या हाताचे कष्ट थोडेच, पण त्या थोड्या हालचालीवर मोठा प्रवाह वळतो. व्हॉल्व्हमध्ये नेमकं हेच घडतं. मधला कॅथोड हीटरने तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. बाहेरच्या प्लेटवर शेकडो व्होल्टचा धन दाब असतो, त्यामुळे ते तिकडे धावतात. वाटेत बारीक तारेची जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. ग्रिड कॅथोडच्या मानाने जितकी ऋण होईल, तितके कमी इलेक्ट्रॉन पलीकडे जातात. गिटारचा सिग्नल या ग्रिडवर जातो. प्रवाहाचा जोर मात्र पॉवर सप्लायचा असतो. सिग्नल फक्त दारं धरतो.

गिटारच्या पिकअपमधून साधारण एक-दोन दशांश व्होल्ट एवढाच सिग्नल निघतो. तो पहिल्यांदा १२एएक्स७ या व्हॉल्व्हच्या अर्ध्या भागात जातो. हाच व्हॉल्व्ह युरोपात ईसीसी८३ म्हणून ओळखला जातो. त्याच्या एकाच काचेत दोन ट्रायोड (कॅथोड, ग्रिड आणि प्लेट असे तीनच भाग असलेले व्हॉल्व्ह) असतात, आणि जोडणीनुसार एकेक टप्पा सिग्नल तीस ते साठपट वाढवतो. पहिल्या टप्प्यानंतर व्हॉल्यूमचा पॉट (नॉबने कमी-जास्त होणारा रेझिस्टर) लागतो, मग दुसरा ट्रायोड, आणि मग ६व्ही६ हा पॉवर व्हॉल्व्ह. ६व्ही६च्या प्लेटवर दाब खूप आणि करंट थोडा असतो. स्पीकरला नेमकं उलट हवं असतं. ही अदलाबदल आउटपुट ट्रान्सफॉर्मर करतो.

दोन टप्प्यांच्या मधे ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. जुने मेकॅनिक त्याला कंडेन्सरच म्हणतात. आधीच्या प्लेटवर दीडशेच्या आसपास व्होल्ट डीसी असतो. तो पुढच्या ग्रिडवर गेला तर सगळा हिशोब बिघडेल, म्हणून हा कपॅसिटर डीसी अडवतो आणि सिग्नल पुढे सोडतो. पुढे २२० किलो-ओहमचा रेझिस्टर असेल तर हा कपॅसिटर साधारण ३३ हर्ट्झच्या खालचा आवाज कापायला लागतो. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, म्हणजे ती सुखरूप पलीकडे जाते. अशी प्रत्येक पार्टच्या आकड्यामागे काहीतरी कारणं आहेत. कॅल्क्युलेटर घेऊन बसलात तर एका संध्याकाळी सगळी उलगडतात.

मला या सर्किटातला सगळ्यात सुंदर वाटणारा भाग म्हणजे ६व्ही६च्या कॅथोडखालचा ४७० ओहमचा रेझिस्टर. ग्रिड कॅथोडपेक्षा ऋण हवी, पण त्यासाठी वेगळा ऋण सप्लाय कोण बांधणार? त्याऐवजी कॅथोडच वर उचलायचा. व्हॉल्व्हमधून जाणारा करंट या रेझिस्टरमधून जातो, त्यावर दाब पडतो, कॅथोड जमिनीपेक्षा (म्हणजे चेसिसच्या शून्य व्होल्टपेक्षा) वर येतो, आणि शून्यावर बसलेली ग्रिड आपोआप ऋण ठरते. करंट वाढला तर कॅथोड आणखी वर जातो, ग्रिड आणखी ऋण होते, आणि करंट पुन्हा खाली येतो. व्हॉल्व्ह स्वतःच स्वतःला आवरतो.

याच रेझिस्टरवरून व्हॉल्व्हची तब्येतही कळते. समजा मीटरवर कॅथोडला १९ व्होल्ट आले. १९ भागिले ४७०, म्हणजे सुमारे ४० मिलिअँपिअर. त्यातले दोनेक मिलिअँपिअर स्क्रीन ग्रिडचे (६व्ही६मधली दुसरी जाळी), ते वजा केले की प्लेटचे ३८ उरतात. प्लेटवर ३४० व्होल्ट असतील तर कॅथोडपासून प्लेटपर्यंत ३२१. त्याला ३८ मिलिअँपिअरने गुणलं की १२.२ वॉट येतात. जुन्या पुस्तकांत ६व्ही६ची मर्यादा १२ वॉट दिलेली आहे, नंतरच्या मोजणीनुसार १४. म्हणजे आपण योग्य जागी आहोत. हा आकडा १५-१६ झाला आणि अंधारात प्लेट लालसर दिसू लागली, तर ४७०च्या जागी ५६० किंवा ६८० ओहम लावायचा. आपल्याकडे हे बऱ्याचदा करावं लागतं, कारण घरातला दाब कधी २३० असतो तर कधी २४५. त्यातच एसीचं डीसी करणारा तिसरा व्हॉल्व्ह म्हणजे ५वाय३ रेक्टिफायर. नव्याने बनणाऱ्या काही ५वाय३मध्ये जुन्यांपेक्षा कमी व्होल्ट पडतात आणि पुढचा सगळा दाब चढतो.

लोक ज्या आवाजासाठी एवढी धडपड करतात, तो आवाज येतो कुठून? व्हॉल्व्हला झेपेल त्यापेक्षा मोठा सिग्नल दिला की लाटेचे शेंडे चपटे होतात. साध्या ट्रान्झिस्टर सर्किटात ते कात्रीने कापल्यासारखे कापले जातात. इथे ते गोलसर दबत जातात, वरचा आणि खालचा शेंडा सारखा दबत नाही, आणि त्यातून मूळ सुराच्या वरच्या सप्तकातला सूर मिसळतो. कानाला तो भरलेला, उबदार लागतो. जोरात छेडलं तर आवाज फाटतो, हलक्या हाताने वाजवलं तर स्वच्छ होतो. बोटांना मिळणाऱ्या या उत्तरासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

यात एक दावा नेहमी ऐकू येतो की चॅम्पमधला व्हॉल्व्ह रेक्टिफायर जोराच्या सुराला दबतो आणि म्हणून आवाज मऊ होतो. मोठ्या अ‍ॅम्पसाठी ते खरं आहे, कारण तिथे जोरात वाजवलं की करंटची मागणी एकदम वाढते. चॅम्पमध्ये एकटा ६व्ही६ सतत जवळपास सारखाच करंट घेतो, वाजवा किंवा वाजवू नका. त्यामुळे इथे तो परिणाम फारच थोडा असतो. ५वाय३ जरूर लावा, पण तिच्याकडून जादूची अपेक्षा ठेवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या पेटीत साडेतीनशे व्होल्ट डीसी असतो, आणि तो जीव घेऊ शकतो. प्लग काढल्यावरसुद्धा. रेक्टिफायरनंतरचा डीसी सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर आपला चार्ज धरून ठेवतात. व्हॉल्व्ह सॉकेटातून काढलेले असतील तर तो चार्ज बराच वेळ तसाच राहतो, कारण त्याला वाहून जायला वाट नसते. म्हणून पहिल्या फिल्टर कपॅसिटरला समांतर २२० किलो-ओहम, २ वॉटचा रेझिस्टर कायमचा सोल्डर करा. प्लग काढल्यावर अर्ध्या-पाऊण मिनिटात तो कपॅसिटर रिकामे करतो. तरीही प्रत्येक वेळी हात घालण्याआधी मीटर लावून शून्य दिसल्याची खात्री करायची. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडायची पद्धत सोडून द्या. त्याने कपॅसिटरही खराब होतो आणि डोळ्यांनाही धोका असतो.

चालू अ‍ॅम्पमध्ये मोजमाप करायचं असेल तर मीटरची काळी तार क्लिपने चेसिसला अडकवा, लाल तार एका हाताने धरा, आणि दुसरा हात खिशात ठेवा. एका हातातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडणारा करंट छातीतून जातो, म्हणून हा नियम. पायात रबरी चप्पल, अंगठी काढलेली, आणि घरात दुसरं कुणीतरी जागं. मीटर १००० व्होल्ट डीसीचा हवा. तीन पिनचा प्लग हवा, आणि अर्थची वायर चेसिसला स्वतंत्र स्क्रूने घट्ट बसवलेली. त्या स्क्रूवर दुसरं काहीही बसवायचं नाही. फ्यूज आणि स्विच फेजच्या वायरवर. ज्या खोलीत अ‍ॅम्प वापरणार तिथलं अर्थिंग खरंच चालू आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते.

फिल्टर कपॅसिटर विकत घेताना माझं एक ऐका: ४५० व्होल्टचे घेऊ नका, ५०० चे घ्या. ५वाय३ बटण दाबल्यावर लगेच तापते. ६व्ही६ला तापायला दहा-बारा सेकंद तरी लागतात. तेवढ्या वेळात सप्लायमधून कुणीच करंट घेत नसतं, आणि दाब शिखरापर्यंत चढतो. ट्रान्सफॉर्मर ३२५-०-३२५चा असेल तर ते शिखर ४६० व्होल्टच्या आसपास येतं. दर वेळी अ‍ॅम्प चालू करताना हे घडतं.

सामानाचं म्हणाल तर रेझिस्टर, वायर, सॉकेट, फ्यूज होल्डर हे सगळं पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं. व्हॉल्व्ह मात्र बाहेरून मागवावे लागतात. नवे व्हॉल्व्ह आज मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. एकेकाळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही बनत असत, आणि जुन्या रेडिओ मेकॅनिककडे त्यांचे डबे अधूनमधून सापडतात. अमेरिकेतून किट मागवत असाल तर पॉवर ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (विजेच्या बाजूचं वाइंडिंग) २३० किंवा २४० व्होल्टची आहे ना, ते दोनदा तपासा. ११० वाला ट्रान्सफॉर्मर आपल्या सॉकेटात लावला तर काही सेकंदांत धूर निघेल.

ट्रान्सफॉर्मर इथेच गुंडाळून घेता येतो, आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर चांगला होतोही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरबाबत मी सावध करीन. चॅम्पसारख्या एका व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये त्याच्या वाइंडिंगमधून सतत डीसी वाहतो, म्हणून कोअरमध्ये बारीक फट ठेवावी लागते. ही फट नसेल तर लोखंड संपृक्त होतं आणि बेस नाहीसा होतो. मी पहिला ट्रान्सफॉर्मर जिथे गुंडाळून घेतला तिथे पत्रे एकाआड एक उलटसुलट घालून दिले, जसे पॉवर ट्रान्सफॉर्मरला घालतात. अ‍ॅम्प चालला, पण आवाज टिनाच्या डब्यातून आल्यासारखा. सगळे 'ई' पत्रे एका बाजूला, सगळे 'आय' दुसऱ्या बाजूला आणि मधे कागदाची पट्टी, अशी जुळणी करून घेतल्यावर त्याच अ‍ॅम्पच्या जाड तारा पहिल्यांदा भरून बोलल्या. त्या दिवसापासून मी पैसे वाचवायचेच असतील तर कपॅसिटरमध्ये वाचवतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये नाही.

बांधणीसाठी टरेट बोर्ड (धातूच्या खुंट्या बसवलेला बोर्ड) घ्या किंवा जुन्या रेडिओत असायच्या तशा टॅग स्ट्रिप (धातूचे कान असलेल्या पट्ट्या). दोन्ही चांगल्या. वायर आधी टॅगभोवती गुंडाळायची, मग सोल्डर करायची, म्हणजे धरून ठेवण्याचं काम गाठ करते आणि सोल्डर फक्त जोडणीचं. सोल्डर चकचकीत, वाहून बसलेला दिसला पाहिजे. मळकट गोळा दिसला तर तो ड्राय सोल्डर. तो आज चालेल आणि महिन्याभराने खरखर करू लागेल.

वायर कुठून न्यायची, हा बुटीक कारागिरांच्या कौशल्याचा गाभा आहे. फिशर यांचा ट्रेनरेक एक्स्प्रेस तर वायरची जागा बोटभर सरकली तरी शिट्टी मारू लागेल इतका संवेदनशील. चॅम्प तितका नाजूक नाही, पण नियम तेच. इनपुटची वायर आउटपुटच्या वायरपासून लांब. ग्रिडला जाणारी वायर आखूड. हीटरच्या दोन वायरी वेणीसारख्या एकमेकींना घट्ट पिळून चेसिसच्या कोपऱ्याला चिकटवून न्यायच्या, म्हणजे त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकींना मारतात. हीटरच्या दोन्ही टोकांपासून जमिनीला एकेक १०० ओहमचा रेझिस्टर लावला की हमिंग आणखी उतरतं.

तरीही हमिंग आलंच तर गिटारच हातात घ्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा सूर ९८ हर्ट्झचा असतो. हमिंग जवळपास त्या सुरात असेल तर ते १०० हर्ट्झचं, म्हणजे रेक्टिफायरनंतरचं आहे: फिल्टर कपॅसिटर कमी पडतोय, किंवा ग्राउंडच्या वायरी चुकीच्या जागी एकत्र आल्यात. त्याच्या एक सप्तक खाली असेल तर ते ५० हर्ट्झचं, म्हणजे हीटर किंवा इनपुटकडच्या वायरी बघा. हे कानाने ओळखता आलं की अर्धी शोधाशोध वाचते.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब लावूनच. इलेक्ट्रिशियन वापरतात तोच बोर्ड, त्यात ६० वॉटचा साधा तारेचा बल्ब. एलईडी चालत नाही. आधी एकही व्हॉल्व्ह न लावता चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि बल्बने तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचवला. मग बंद करून १२एएक्स७ आणि ६व्ही६ लावा, हीटर लाल झालेले बघा. पुन्हा बंद करून शेवटी ५वाय३. या सगळ्यात स्पीकर जोडलेलाच हवा. स्पीकरशिवाय व्हॉल्व्ह अ‍ॅम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये हजार व्होल्टच्या वर उसळी येऊ शकते, आणि वाइंडिंगचं इन्सुलेशन जातं.

माझा पहिला चॅम्प या टप्प्याला आला आणि व्हॉल्व्ह तापताच कर्कश किंचाळू लागला. व्हॉल्यूम शून्यावर, तरी तेवढाच आवाज. अशा वेळी हात घाईने प्लगकडे जायला हवा, आणि मग शांतपणे विचार. चॅम्पमध्ये स्पीकरकडून २२ किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून थोडा सिग्नल दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडला परत जातो. तो मूळ सिग्नलच्या उलट दिशेने यावा लागतो, म्हणजे तो आवाज नितळ करतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची दोन टोकं उलट जोडली तर तोच सिग्नल मदत करू लागतो, आणि अ‍ॅम्प स्वतःचाच आवाज वाढवत बसतो. ट्रान्सफॉर्मरच्या निळ्या आणि लाल वायरींची अदलाबदल केली, किंचाळणं थांबलं. घरी बांधणाऱ्यांत हा दोष इतका नेहमीचा आहे की किंचाळणारा अ‍ॅम्प दिसला की सर्वात आधी हेच बघावं.

महागडे नारिंगी कपॅसिटर, जुन्या पद्धतीचे कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर, कापडी आवरणाची वायर यांवर खूप चर्चा होते. कापडी वायरीने काम करायला छान वाटतं, म्हणून मी ती वापरतो. पण कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर खसखस जास्त करतात, आणि पहिल्या टप्प्यात मी साधे मेटल फिल्मच लावतो. आवाजावर खरा परिणाम करतो तो स्पीकर. मूळ चॅम्पमध्ये आठ इंची होता. त्याच अ‍ॅम्पला बारा इंची स्पीकर जोडून बघा, ओहम जुळत असतील तर. वेगळाच अ‍ॅम्प ऐकल्यासारखं वाटेल. पाच वॉट कमी वाटत असतील तर लक्षात घ्या की पन्नास वॉटचा अ‍ॅम्प कानाला दहापट नाही, साधारण दुप्पटच मोठा लागतो. फ्लॅटमध्ये पाच वॉटही शेजाऱ्यांपर्यंत पोचतात.

पेटीसाठी पाइन घ्या. मूळ चॅम्पची पेटीही पाइनच्या फळ्यांची, कोपऱ्यांत बोटं गुंफल्यासारखे सांधे असलेली होती. यंत्रसामग्रीच्या पॅकिंगमधून निघालेलं पाइन आपल्याकडे स्वस्तात मिळतं. फक्त खिळे नीट काढून घ्या आणि पूर्ण वाळलेलं बघून घ्या. पेटी पूर्ण झाली की प्रत्येक व्हॉल्व्हच्या प्रत्येक पिनवरचा दाब, त्या वेळचा घरातला दाब आणि तारीख एका कागदावर लिहून मागच्या फळीच्या आतल्या बाजूला चिकटवा. चार वर्षांनी अ‍ॅम्प खरखरायला लागेल तेव्हा मीटर घेऊन बसणाऱ्याला, मग तो तुम्ही असा किंवा दुसरा कुणी, सगळ्यात आधी तोच कागद लागेल.